रायडिंग मोवरचे इंजिन चोकशिवाय नीट चालत नाही आणि ब्लेड लावताच बसते: आधी काय तपासावे?

मैदान-देखभाल (कोल्हापूर)

नमस्कार. कागल रस्त्यावरील एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडांगणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मैदानावरील गवत कापण्यासाठी आमच्याकडे रायडिंग मोवर आहे. त्याचे इंजिन एक सिलिंडरचे, उभ्या शाफ्टचे, हवेने थंड होणारे आणि साधारण ५०० सीसीचे आहे. फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत या यंत्राला काम नसते, त्यामुळे उन्हाळाभर ते टाकीतल्या पेट्रोलसह शेडमध्ये उभे होते. मृगाचा पाऊस झाल्यावर मैदान एकदम वाढले आणि यंत्र बाहेर काढले, तेव्हापासून पुढील त्रास होत आहे.

चोक ओढून इंजिन लगेच सुरू होते. चोक आत ढकलला की रेस आपोआप वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते आणि हे सतत चालू राहते. चोक अर्धा ओढून ठेवला तर इंजिन बऱ्यापैकी स्थिर होते. ब्लेड सुरू करताच मात्र आवाज दबतो, कार्ब्युरेटरच्या बाजूने मधूनमधून उलटा बार येतो आणि दाट गवतात इंजिन बंद पडण्याच्या बेतात येते. याखेरीज साधारण वीस मिनिटे काम केल्यावर ते पूर्ण बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते.

जुने पेट्रोल काढून ताजे भरले आहे. प्लग आणि एअर क्लीनर नवे बसवले आहेत. एका दुरुस्तीवाल्याने इंजिन बोअर करावे (झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करावा) लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने थेट नवीन कार्ब्युरेटर मागवण्याचा सल्ला दिला. संस्थेचा पैसा खर्च करायचा असल्याने नेमके कारण कळल्याशिवाय मला मंजुरी मागता येत नाही. शिवाय आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याचा हा परिणाम असेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

छोटी-इंजिने (उद्यमनगर)

आपण लक्षणे क्रमाने लिहिली आहेत, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले आहे. बोअरचा विचार सध्या बाजूला ठेवावा. चोक ओढल्याबरोबर सुरू होणारे आणि अर्ध्या चोकवर स्थिर राहणारे इंजिन प्रथमदर्शनी इंधनाची कमतरता दाखवते. चोकमुळे हवा कमी होते आणि जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यातून, पेट्रोल जास्त ओढले जाते; तेवढ्याने चाल सुधारत असेल, तर मूळ मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे हे उघड आहे. कार्ब्युरेटरकडून येणारा उलटा बारही बहुतेक वेळा याच कारणाने येतो.

रेस वरखाली होते त्यामागे गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा, आहे, पण दोष गव्हर्नरचा असेलच असे नाही. मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याने वेग पडतो, वेग पडला म्हणून गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो थ्रॉटल बंद करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू होते. अनेकजण अशा वेळी गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात किंवा तिचे छिद्र बदलतात. कृपया तिला हात लावू नये. ही इंजिने मिनिटाला साधारण ३००० ते ३६०० फेऱ्यांच्या मर्यादेत चालवायची असतात आणि ती मर्यादा ओलांडली तर कनेक्टिंग रॉड तुटेपर्यंत मजल जाते.

आता कार्ब्युरेटरविषयी. ब्लेड बंद असताना इंजिन पूर्ण रेसवर असले तरी त्याच्यावर भार नसतो, म्हणून थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि पेट्रोलचा मोठा वाटा पायलट जेटच्या बारीक छिद्रातून येतो. ब्लेड लावल्यावर पाकळी उघडते आणि मेन जेटचे काम सुरू होते. आपल्याकडे दोन्ही अवस्थांत त्रास आहे, त्यामुळे दोन्ही वाटा चोंदल्या असाव्यात. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात फ्लोटच्या वाटीतले (कार्ब्युरेटरखालच्या छोट्या साठ्यातले) पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो; त्यात ओलावा शिरला असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटीही धरते.

काम करताना प्रथम प्लगची वायर काढावी, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि टाकीचा पुरवठा बंद करावा. वाटी उघडली की तळाला काय साचले आहे ते पाहावे, कारण तोच खरा पुरावा असतो. जेट काढून उजेडासमोर धरावे. छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. कार्ब्युरेटर क्लीनर फवारावा, विजेच्या तारेतील तांब्याची एक बारीक तार आतून फिरवावी आणि उलट दिशेने हवा मारावी. जेटमध्ये स्टीलची सुई किंवा ड्रिल कदापि घालू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र एकदा मोठे झाले की ते पुन्हा लहान करता येत नाही. केवळ जेट साफ करून थांबू नये, तर थ्रॉटलच्या पाकळीजवळची बारीक छिद्रेही मोकळी करावीत, कारण घाईच्या कामात नेमकी तीच राहून जातात. जोडताना कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील गॅस्केट नवे घालावे. तिथून हवा ओढली गेली तर सगळी लक्षणे जशीच्या तशी परत येतील.

ट्रॅक्टर-टिलर (गडहिंग्लज)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु वीस मिनिटांनी बंद पडण्याचे कारण मला वेगळे वाटते. चोंदलेले जेट पहिल्या मिनिटापासून त्रास देते. ते घड्याळ पाहून इंजिन बंद करत नाही. म्हणून हा दुसरा, स्वतंत्र दोष असावा.

टाकीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने किंवा गवताच्या चुऱ्याने बुजले की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पुरवठा हळूहळू थांबतो. यंत्र उभे राहिले की हवा कशीबशी आत झिरपते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. इंजिन बंद पडताच झाकण सैल करावे. हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच पूर्ववत चालू झाले, तर कारण सापडले. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

झाकण निर्दोष निघाले तर पुढे तीन ठिकाणे पाहावीत. पहिले म्हणजे नळीतील फिल्टर आणि खुद्द नळी, कारण जुनी रबरी नळी आतून फुगून वाट अडवते. दुसरे म्हणजे पेट्रोल पंप. अशा यंत्रांत तो बहुधा क्रँककेसमधील (इंजिनाच्या ऑइल असलेल्या पेटीतील) दाबाच्या धक्क्यांवर चालतो. त्याचा पडदा फाटला तर पुरवठा तर घटतोच, शिवाय पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकते. त्यामुळे ऑइलची कांडी काढून पातळी वाढली आहे का आणि पेट्रोलचा वास येतो का, हे आजच पाहावे. तसे असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन अजिबात सुरू करू नये. तिसरे ठिकाण म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी पेट्रोलची झडप. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. जोडणी सैल असेल तर तो मध्येच मेन जेट बंद करतो.

इंजिनाच्या वरचे पंख्याचे आवरणही एकदा काढून पाहावे. पावसाळी ओले गवत सिलिंडरच्या फिनांमध्ये (थंड करणाऱ्या पट्ट्यांमध्ये) घट्ट बसून वाळते आणि मग इंजिन तापल्यावर ताकद सोडते.

मैदान-देखभाल (कोल्हापूर)

दोघांचेही मनापासून आभार. ऑइलची पातळी बरोबर आहे आणि पेट्रोलचा वास नाही. सोलेनॉइडचा आवाज स्पष्ट येतो. आज इंजिन बंद पडल्यावर झाकण सैल केले, तेव्हा हवा आत ओढल्याचा आवाज मलाच नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या माळीदादांनाही ऐकू आला आणि इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले. झाकण कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, छिद्र मोकळे करून बसवले आहे. रेसची वरखाली अर्थातच तशीच आहे. कार्ब्युरेटर उद्या उघडणार आहे. इथेनॉलचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. तसेच मेन जेट किंचित मोठे करून घ्यावे असे येथील एका गॅरेजमध्ये सुचवले गेले. ते करावे का?

यंत्र-अभियांत्रिकी (शिरोली)

जेट मोठे करू नये, निदान सफाई होऊन चाचणी होईपर्यंत तरी नाही.

इथेनॉलचा परिणाम खरा आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो. जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचे असल्याने हे इंधन वापरले की मिश्रण थोडे पातळ होते. मोटारीतील संगणक ती तूट भरून काढतो. मोवरच्या साध्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही. अशा अनेक इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलला परवानगी असते, ती आपल्या पुस्तिकेत जरूर पाहावी. तरीसुद्धा एवढ्याशा फरकाने निरोगी इंजिन असे गुदमरत नाही. आधीच अर्धवट चोंदलेल्या जेटला ही तूट सोसत नाही, इतकाच त्याचा वाटा आहे. कोल्हापूरच्या उंचीचाही येथे संबंध नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत आणि त्या उंचीला जेट बदलावे लागत नाही.

इथेनॉलचा मोठा उपद्रव साठवणीत होतो. ते हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, म्हणून मोवरसाठी पिंपभर पेट्रोल साठवू नये. काही आठवड्यांत संपेल इतकेच आणावे. हंगाम संपताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवून वाटीतले पेट्रोलही संपवावे.

सफाईनंतरही ब्लेड लावल्यावर ताकद कमी वाटली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट, मोजावेत. पिस्टन वरच्या टोकाच्या पुढे सुमारे सहा मिलिमीटर खाली उतरलेला असताना माप घेण्याची पद्धत या प्रकारच्या अनेक इंजिनांत आहे, कारण सुरू करताना दाब कमी करणारी योजना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर असते आणि अगदी वरच्या टोकाला माप फसवे येते. अनेक पुस्तिकांत इनटेकला ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर दिलेले असते, तरी आपल्या इंजिनाचा आकडाच प्रमाण मानावा. याच योजनेमुळे साध्या कॉम्प्रेशन गेजचा आकडाही कमी येतो आणि त्या आकड्यावर बोअरचा सल्ला दिला जातो. बोअरचा निर्णय घ्यायचाच झाला तर सिलिंडरमध्ये हवा भरून ती कोठून निसटते हे पाहणारी लीक-डाउन चाचणी मागावी. हवा व्हॉल्व्हच्या झाकणाखालून जोरात येत असेल तर हेड गॅस्केटही गेलेले असू शकते, आणि त्याचा खर्च बोअरच्या मानाने पुष्कळ कमी असतो.

मैदान-देखभाल (कोल्हापूर)

कार्ब्युरेटर उघडला. वाटीच्या तळाशी तपकिरी चिकट थर होता आणि कडेला पांढरी भुकटी. पायलट जेट उजेडासमोर धरल्यावर छिद्र दिसलेच नाही. मेन जेटचे निम्मे बुजलेले होते. सांगितल्याप्रमाणे तांब्याच्या तारेने आणि हवेने साफ केले, पाकळीजवळची छिद्रे मोकळी केली, गॅस्केट आणि पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. आता इंजिन तापल्यावर चोक पूर्ण आत ठेवूनही रेस स्थिर राहते आणि ब्लेड लावल्यावर उलटा बार येत नाही. संपूर्ण मैदान एका दमात कापून झाले.

गुडघ्याइतक्या वाढलेल्या कोपऱ्यात आवाज अजून थोडा दबतो. टॅपेट या आठवड्यात मोजून घेतो आणि आकडे येथे लिहितो.

छोटी-इंजिने (उद्यमनगर)

उत्तम काम केलेत. टॅपेट अवश्य मोजावेत, पण गुडघाभर ओले गवत एका फेरीत कापताना यापेक्षा मोठे इंजिनही दबते. त्या कोपऱ्यात डेक (ब्लेड असलेला खालचा भाग) सर्वांत वरच्या खाचेत ठेवून, रेस पूर्ण आणि गिअर हळू ठेवून पहिली फेरी घ्यावी आणि दोन दिवसांनी डेक खाली घेऊन दुसरी. आणि एवढे दिवस पातळ मिश्रणावर चाललेल्या इंजिनाचा प्लग पुढच्या कापणीनंतर काढून पाहावा: टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण जुळले आहे, खडूसारखे पांढरे असेल तर कोठूनतरी अजून हवा ओढली जात आहे.