मदत हवी आहे: पत्रकात ‘संभोग’ लिहू की ‘संबंध’?

खानापूरकडच्या बायकांसाठी आरोग्याचं पत्रक मराठीत करायलोय. कन्नड पत्रकात ‘लैंगिक संपर्क’ आहे, पण ते इथं कुणाच्या तोंडी नाही. नुसतं ‘संबंध’ लिहिलं तर पाहुण्यारावळ्यांशी असतात तेबी संबंधच की! ‘संभोग’ नेमका आहे, पण वाचून दाखवला की पदर तोंडाला जातो. मूळ बघितलं तर सम् अधिक भुज्, म्हणजे भोजन-उपभोगातलाच धातू, आणि संस्कृत काव्यशास्त्रात विरहाचा तो विप्रलंभ नि मिलनाचा तो संभोग शृंगार, मग यात लाजण्यासारखं काय? ‘सेक्स’ पोरींना चालतो, म्हाताऱ्यांना नाही. शिवीतला शब्द नकोच. तर सासू-सून दोघींसमोर वाचता येईल आणि अर्थही घोळणार नाही असा कुठला शब्द तुमच्याकडं बोलण्यात आहे?