शब्दचर्चा : ‘लिगंड’ला उत्प्रेरक म्हणावं का?

प्रश्न : एटीआरपीच्या (कॉपरच्या मदतीने बहुवारिकाच्या साखळ्या नियंत्रितपणे वाढवण्याच्या पद्धतीच्या) कृतींमध्ये ‘उत्प्रेरक : पीएमडीइटीए’ असं लिहिलेलं आढळतं. हा तर लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू. मग हा शब्दप्रयोग चालेल का?

उत्तर : चालणार नाही, कारण त्याने वजनं चुकतात. उत्प्रेरक म्हणजे कॉपर आणि लिगंड मिळून बनलेलं संयुग. नुसतं क्युप्रस ब्रोमाइड (कॉपर (१) चा क्षार) स्टायरिन या एकवारिकात (साखळीचा सुटा घटक) विरघळत नाही, तळाशी भुकटी बसून राहते. लिगंडच्या नायट्रोजनांनी कॉपरला धरलं की साखळीच्या टोकाचा ब्रोमीन काढायचं आणि परत जोडायचं काम सुरू होतं. ‘उत्प्रेरक १ तुल्य’ (तुल्य म्हणजे मोलमधलं प्रमाण) एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याने काय तोलायचं? पीएमडीइटीए कॉपरला १:१ लागतो, बायपिरिडीन (दुसरा एक लिगंड) मात्र २:१.

१० मिली स्टायरिन (सुमारे ८७ मिलिमोल), लक्ष्य १०० एककांची साखळी : १-फिनाइलइथाइल ब्रोमाइड (प्रारंभक, म्हणजे ज्यापासून साखळी सुरू होते) १६२ मिग्रॅ, क्युप्रस ब्रोमाइड १२५ मिग्रॅ, पीएमडीइटीए १५१ मिग्रॅ, तापमान ११० अंश सेल्सिअस. बायपिरिडीन घेतलं तर २७३ मिग्रॅ, पण त्याचं संयुग स्टायरिनमध्ये नीट विरघळत नाही. नोनिल शेपट्या लावलेलं बायपिरिडीन विरघळतं, म्हणून साखळ्यांची लांबी जास्त एकसारखी येते.

पुरवणी : क्रमही लिहावा. आधी कॉपर, मग हवा काढून नायट्रोजन, मग ऑक्सिजनमुक्त केलेलं स्टायरिन आणि लिगंड, प्रारंभक शेवटी. प्रारंभक घालण्याआधीच मिश्रण गर्द हिरवं झालं, तर बहुधा हवा शिरून कॉपर (१) चं कॉपर (२) झालंय. तो घाणा पुढे नेण्यात अर्थ नाही.

आणखी एक : ‘प्रभावी लिगंड’ हे विशेषणही जपून वापरावं. मी-सिक्स-ट्रेन हा लिगंड कॉपरला चार नायट्रोजनांनी धरतो. त्याचं कॉपर संयुग बायपिरिडीनवाल्यापेक्षा कितीतरी पटींनी क्रियाशील असतं, आणि मिथाइल अॅक्रिलेट त्याच्यासोबत खोलीच्या तापमानालाही वाढतं. पण तेवढंच कॉपर ठेवून तो वापरला तर सुरुवातीलाच मूलक (साखळीची सुट्या इलेक्ट्रॉनची, वाढणारी टोकं) फार होतात, एकमेकांत जुळून मरतात, कॉपर (२) साचतं आणि साखळ्या अर्ध्यावर थांबतात. अशा वेळी कॉपर कमी करावं, किंवा थोडं क्युप्रिक ब्रोमाइड (कॉपर (२) चा क्षार) आधीच घालावं. मेथॅक्रिलिक आम्लासारखं एकवारिक असेल तर लिगंडच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो आणि कॉपर सुटतं. तिथे आम्लगट आधी एस्टर करून झाकणं हा खात्रीचा मार्ग.