बालवाडीत 'ताई', 'बाई' की 'मॅम'?

रिकामा_डबा: लेक साडेतीन वर्षांची, जूनपासून नर्सरीत जाते. आजीने शिकवलं म्हणून शिक्षिकेला 'ताई' म्हणायची. परवा डायरीत चिठ्ठी चिकटवून आली: मुलांना 'मॅम' म्हणायची सवय लावा. तेव्हापासून पोरगी 'ताईमॅम' म्हणतेय. घर सोडून पहिल्यांदा कुठे बसणाऱ्या मुलाला नात्याचा शब्द हवा, असं माझं मत. १९४५ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. एक बाई, एक ताई. कुणाचा मान कमी झाला?

खडूफळा: नऊ वर्षं नर्सरीला शिकवतेय. मुलांनी ताई म्हणावं, तक्रार नाही. पालकांचं 'ताई' वेगळं असतं. 'ताई, हिची बाटली तेवढी विसळून द्या.' 'ताई, अर्धा तास उशीर होईल, बसवून ठेवा.' हेच बाबा मोठ्या भावाच्या चौथीच्या वर्गशिक्षिकेपुढे 'मॅडम, मॅडम' करत उभे असतात. आम्हीही कोर्स करून, परीक्षा देऊनच आलोय हो. आणि ताराबाईंना १९६२ला पद्मभूषण मिळालं होतं. इथे अर्ध्या पालकांना माझं नाव माहीत नाही.

एसटी_स्टँड: माझी आई अंगणवाडीत होती. कागदावर 'सेविका', पगाराऐवजी 'मानधन', गावात 'बाई'. आजही बाजारात एखादा मिशाळ गडी 'बाई, वळखलं का?' म्हणत तिच्या हातातली पिशवी घेतो. शहरात 'बाई' म्हणजे धुण्याभांड्याची झाली, त्यात शब्दाचा काय गुन्हा? आणि मॅम-मॅम करणाऱ्या शाळेत मुलांची शी-शू काढणाऱ्या बाईला काय म्हणतात? मावशी! तिथे बरं नातं चालतं.

खडूफळा: हे मात्र लागलं. आमच्या मावशी माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत.

परदेशी_पोहे: आमच्याकडे कॅलिफोर्नियात 'मिस' आणि पुढे चक्क पहिलं नाव. सासूबाई हबकल्याच. पण पडलं-झडलं की पोरगा त्याच मिसच्या कुशीत शिरतो. मॅम म्हटल्याने माया आटते वगैरे उगाच.

काना_मात्रा: शब्द राहू द्या, क्रियापद ऐका. 'आज तुझी टीचर आली होती का गं?' घरोघरी असंच विचारतात. 'आल्या होत्या का' म्हणायला काय जातं?

रिकामा_डबा: म्हणजे मुलांनीही अहो-जाहो करायचं?

काना_मात्रा: छे! साडेतीनचं पोर आईला तू म्हणतं, आजीला तू म्हणतं, तिथेही तूच म्हणणार. मी तुमच्याबद्दल बोलतोय.

रिकामा_डबा: आज घ्यायला गेलो तेव्हा शिक्षिकेलाच विचारलं. चिठ्ठी त्यांची नव्हतीच, ऑफिसातून सगळ्या वर्गांना छापून आली होती. म्हणाल्या, "तिला म्हणू दे की ताई. तुम्ही नका म्हणू."