मदत हवी आहे : रुग्णालयाच्या बांधकामाचा वाढलेला खर्च सुप्रमाच्या प्रस्तावात कसा मांडावा?

सर्व जाणकारांना नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून पुण्यातील दाट वस्तीत चाललेल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बांधकामावर सल्लागारांकडून काम पाहते. मूळ अंदाजपत्रक २०२१ सालचे आहे. खर्च मंजूर रकमेच्या बराच पुढे गेल्यामुळे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या (सुप्रमा) प्रस्तावाची टिप्पणी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अशा टिप्पण्यांत पुष्कळदा 'भाववाढ व अनुषंगिक कामे' एवढेच कारण लिहिलेले असते. तसे लिहून मान्यता मिळेलही, पण पुढच्या टप्प्याचा खर्च आवरणार नाही, आणि हा पैसा औषधांच्या व परिचारिकांच्या वाट्याचा आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

वाढीचा काही भाग समजावून देणे सोपे आहे. शासकीय बांधकाम कंत्राटांवरील जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पोलाद व सिमेंटच्या दरांतील फरक करारातील भाववाढ कलमाने काढता येतो. पायाच्या खोदाईत मात्र चूक आमचीच होती. ट्रायल पिट (जमिनीखाली काय आहे ते पाहण्यासाठीचे चाचणी-खड्डे) मोजकेच घेतल्याने मुरुमाखाली काळा पाषाण किती वर आहे ते कळले नाही, वस्तीमुळे सुरुंग लावता आले नाहीत म्हणून तो ब्रेकरने फोडावा लागला, आणि कठीण खडकाचे परिमाण निविदेच्या १२५ टक्क्यांपुढे गेल्यावर बी-१ करारातील (शासकीय बांधकाम कंत्राटाचा ठरावीक नमुना) कलम ३८, म्हणजे जादा परिमाणाचा दर वेगळा ठरवणारे कलम, लागू झाले.

खरी अडचण यंत्रसामग्रीची आहे. इमारतीची निविदा आधी निघते आणि यंत्रांची खरेदी वेगळ्या लेखाशीर्षातून, दुसऱ्याच अधिकाऱ्यांकडून, कितीतरी नंतर होते. एमआरआयचे मॉडेल ठरल्याशिवाय स्लॅबवरचा भार, रेडिओलहरी अडवणारे आवरण, हेलियम बाहेर सोडणाऱ्या नळीचा मार्ग आणि यंत्र आत नेण्यासाठी भिंतीत ठेवायची वाट, यांतले काहीच नक्की होत नाही. लिनिअर ॲक्सिलरेटरच्या (कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र) बंकरच्या, म्हणजे किरण अडवणाऱ्या खोलीच्या, भिंतींची जाडी तर किरणांच्या ऊर्जेवर ठरते आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मंजुरीशिवाय तो बांधताही येत नाही. आमच्याकडे शस्त्रक्रियागृहांच्या मजल्याचा नकाशा निविदेनंतर चार वेळा बदलला. दर वेळी एसीचे डक्ट, वैद्यकीय वायूंच्या वाहिन्या आणि बीममधले स्लीव्ह (वाहिन्या आरपार नेण्यासाठी ठेवलेली भोके) बदलले व निविदेत नसलेल्या जादा बाबींची यादी लांबली. बदल मागणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, कारण पहिला नकाशा काढताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

डब्लिनच्या राष्ट्रीय बालरुग्णालयाचा इतिहास वाचताना मला आमचीच फाइल आठवली. २०१७ मध्ये त्याला ९८.३ कोटी युरोंची मान्यता मिळाली, २०१८ च्या अखेरीस आकडा १४३.३ कोटींवर आणि २०२४ मध्ये एकूण तरतूद २२४ कोटींवर गेली. तिथे कंत्राटदार प्राथमिक आराखड्यावर आणि अंदाजे परिमाणांवर निवडला होता. सविस्तर आराखडा पूर्ण झाल्यावर खरी परिमाणे पुढे आली.

माझे प्रश्न दोन आहेत. यंत्रांचे मॉडेल ठरलेले नसताना त्या खोल्यांची तरतूद निविदेत कशी करावी? आणि झालेल्या वाढीतला टाळता येण्यासारखा भाग टिप्पणीत वेगळा दाखवलेला कोणी पाहिला आहे का?

प्रतिसाद :

ताई, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे. यंत्रांच्या खोल्या मुख्य निविदेत फक्त सांगाड्यापुरत्या ठेवाव्यात. दोन-तीन उत्पादकांच्या जागा-नियोजन पुस्तिका मागवून सर्वांत जड मॉडेलचा भार आणि सर्वांत मोठी वाट धरावी. आतली कामे मॉडेल ठरल्यावर वेगळ्या निविदेने करावीत. थोडे काँक्रीट जास्त लागते, पण झालेला स्लॅब फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. शस्त्रक्रियागृहांसाठी खोलीवार मागणीपत्रक करून विभागप्रमुखांच्या सह्या घ्या आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल खर्च व मुदतीच्या आकड्यांसह मंजुरीला पाठवा.

टिप्पणीत कर, दर, परिमाण आणि मागणीतील बदल असे चार रकाने करा. शेवटच्या रकान्यात प्रत्येक बदल कोणी व कोणत्या तारखेला मागितला तेही लिहा. खोदाईचा भाग लपवू नका. ट्रायल पिटच्या नोंदी सोबत जोडा, लेखापरीक्षक त्याच आधी मागतील.