ट्रेमध्ये उरलेले दाणे मोजून एखादी प्रजाती वाचवायला खरंच मदत होते का?

खारुताई

नमस्कार मंडळी. वाइल्डलाइफ बायॉलॉजीत एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष आहे. डिझर्टेशनसाठी रानउंदरांच्या फोरेजिंगवर, म्हणजे अन्न शोधून खाण्याच्या वागणुकीवर, काम करायचं जवळपास ठरलंय. पद्धत अशी की वाळूत ठरावीक वजनाचे दाणे मिसळून ट्रे ठेवायचे, रात्रभर उंदीर खाऊन जातात आणि सकाळी वाळू चाळून किती दाणे उरले ते बघायचं. इकॉलॉजिस्ट जोएल ब्राऊनची १९८८ ची गिव्हिंग-अप डेन्सिटी, म्हणजे जीयूडी, प्राणी सोडून गेल्यावर किती दाणे उरले तो आकडा. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडाचा परिणाम बघायचा विचार आहे.

थिअरी मला आवडलीये. वरवरचे दाणे पटकन मिळतात, मग जसजसे कमी होतात तसतसा एकेक दाणा शोधायला जास्त वेळ लागतो, आणि एक वेळ अशी येते की तिथे थांबणं परवडत नाही, प्राणी सोडून जातो. पण प्रपोजलच्या वेळी एका परीक्षकांनी विचारलं, "या उरलेल्या दाण्यांतून कॉन्झर्व्हेशनला काय मिळणार? त्यापेक्षा किती उंदीर आहेत ते मोजा." तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. फोरेजिंगच्या अभ्यासामुळे संवर्धनाचा एखादा निर्णय खरोखर बदलला अशी उदाहरणं आहेत का? आणि ट्रे लावताना काय काय सांभाळायचं तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

दाणापाणी

उदाहरणं आहेत आणि चांगली दणदणीत आहेत. मला स्वतःला सगळ्यात आवडणारं न्यूझीलंडच्या काकापोचं. उडता न येणारा, रात्री फिरणारा मोठा पोपट, १९९५ मध्ये अख्ख्या जगात फक्त ५१ उरले होते. हे पक्षी दरवर्षी अंडी घालत नाहीत, रिमू नावाच्या झाडाला भरघोस फळं येणार असतील त्याच वर्षी घालतात. मग लोकांनी विचार केला की अन्न कमी पडतंय तर आपण वरून खाऊ घालू. हेतू चांगला होता, माद्या धष्टपुष्ट झाल्या, पण पिल्लांत नरच जास्त निघायला लागले! आधीच माद्या कमी, त्यात हे. यामागचं कारण उत्क्रांतीच्या थिअरीत आधीपासून होतं, १९७३ मध्ये ट्रिव्हर्स आणि विलार्ड यांनी मांडलं होतं की आई चांगल्या तब्येतीची असेल तर तिला मुलगा फायद्याचा, कारण तगडा नर खूप माद्यांशी जुगतो. मग खाणं बंद केलं नाही, प्रत्येक मादीचं वजन बघून तिला किती द्यायचं ते ठरवलं, म्हणजे अंडी घालण्याइतकी ताकद यावी पण त्या वजनाच्या वर जाऊ नये. नर-मादीचं प्रमाण ताळ्यावर आलं. २०२२ मध्ये काकापो २५० च्या वर गेले होते. अर्थात त्यात शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर त्यांना हलवण्याचा वाटा खूप मोठा आहे, पण नुसती डोकी मोजत बसले असते तर ही खाण्याची भानगड कळायला किती वर्षं गेली असती विचार कर.

दुसरं ऑस्ट्रेलियातलं. उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये केन टोड हे मोठे भेक आणून सोडले, ते विषारी. नॉर्दर्न क्वोल हा मांजराहून लहान मांसाहारी मार्सुपियल (कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी) तो टोड बेडूक समजून खातो आणि मरतो. टोड जिथे पोचले तिथून क्वोल नाहीसे होत गेले. आता अख्ख्या खंडातले टोड तर कुणी वेचू शकत नाही. तर संशोधकांनी काय केलं, छोटा मेलेला टोड, ज्यात जीव जाईल इतकं विष नसतं, त्यात मळमळ होईल असं औषध घालून क्वोलला खायला दिला. एकदा पोट ढवळलं की त्या वासाचं परत तोंडातच घेत नाही. असे शिकवलेले क्वोल रेडिओ कॉलर लावून सोडले, ते न शिकवलेल्यांपेक्षा जास्त दिवस जगले, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे टोडच्या मांसाचे सॉसेज करून रानात टाकायचे प्रयोगही झाले. टोड तिथेच आहेत, बदललं काय तर क्वोलचा खाण्याचा निर्णय.

आणि परत न्यूझीलंड, तिथे साउथ आयलंडवर नदीपात्रात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, त्यांची अंडी फेरेट, मांजरं आणि हेजहॉग खातात. घरटी सुरू व्हायच्या काही आठवडे आधीपासून तिथे ठिकठिकाणी नुसता पक्ष्यांचा वास लावून ठेवला, पिसांपासून काढलेला. शिकारी वासामागे जातात, हाती काही लागत नाही, मग त्या वासाकडे दुर्लक्ष करायला लागतात, आणि नंतर खरे पक्षी येऊन अंडी घालतात तेव्हा बरीच घरटी वाचतात. २०२१ चं काम आहे हे. तुझ्या ट्रेमधलंच गणित आहे बघ, मेहनतीच्या मानाने मिळत नसेल तर प्राणी सोडून देतो. फक्त इथे ते गणित मुद्दाम बिघडवलं.

मोजमाप

उदाहरणं छान आहेत पण परीक्षकांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही असं मला वाटतं. वागणूक बदलली म्हणजे संख्या बदलली असं होत नाही, मधला दुवा दाखवावा लागतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कचंच घ्या. १९९५ आणि ९६ मध्ये तिथे लांडगे परत आणले, २००१ मध्ये लॉंड्रे आणि सहकाऱ्यांनी भीतीचा भूप्रदेश, लँडस्केप ऑफ फिअर, ही कल्पना मांडली की लांडग्यांमुळे एल्क (मोठी हरणं) आणि बायसन (रानटी गवे), खासकरून पिल्लं असलेल्या माद्या, चरणं कमी आणि मान वर करून बघणं जास्त करतात. तिथपर्यंत ठीक. पण त्यावरून पुढे लोकांनी गोष्टच रचली की भीतीमुळे एल्क नदीकाठ टाळतात, म्हणून विलो आणि अ‍ॅस्पेन वाढले, म्हणून नद्या सुधारल्या. नंतर जीपीएस कॉलरच्या डेटात दिसलं की एल्क धोक्याच्या जागा कायमच्या सोडत नाहीत, लांडगे पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतात तेव्हा टाळतात आणि ते थंडावले की तिथेच येऊन चरतात. आणि विलोचं म्हणाल तर ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर गेल्यामुळे ओढे खोल गेले, जमिनीतलं पाणी खाली गेलं, तिथे नुसती चराई कमी होऊन झाडं उंच होत नाहीत. लांडग्यांचा परिणाम नाही असं मी म्हणत नाही, पण भीती किती, प्रत्यक्ष मारलेले एल्क किती, अस्वलं आणि माणसाची शिकार किती, हे वेगळं काढणं फार अवघड आहे.

तुमच्या जीयूडीतही हा घोळ आहे. ट्रेमध्ये दाणे कमी उरले म्हणजे जागा सुरक्षित आहे असं सरळ लिहू नका. प्राणी उपाशी असेल, आजूबाजूला दुसरं काही खायला नसेल, तर तो धोका पत्करूनही ट्रे साफ करतो. म्हणजे उजाड झालेल्या जागेचा आकडा बघून कुणी म्हणेल वा, इथे उंदीर किती निर्धास्त आहेत, आणि खरं तर ते भुकेने मरणाच्या दारात असतील.

दाणापाणी

मोजमाप, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, फक्त उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात प्यूमांवर, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांवर, काम झालंय. २०१५ च्या अभ्यासात दिसलं की दाट वस्तीच्या भागात माद्या ३६ टक्के जास्त हरणं मारतात, कारण मारलेल्या शिकारीवर त्या थांबतच नाहीत, अर्धवट सोडून जातात आणि परत शिकार करावी लागते. मग २०१७ मध्ये शिकारीजवळ स्पीकर लावून माणसांच्या बोलण्याचे आवाज ऐकवले, आणि तुलनेला बेडकांचे. माणसाचा आवाज आला की प्यूमा उठून जायचा, खाण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला. आता तिथे फक्त प्यूमांची संख्या मोजली असती तर सगळं ठीकठाक दिसलं असतं. पिल्लं असलेल्या मादीला हा जास्तीचा खर्च किती दिवस झेपेल, ते संख्येत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

चाळणी

खारुताई, मी ट्रेचं बोलते, वरची चर्चा मोठी माणसं करताहेतच.

मोजमाप म्हणतात त्या भुकेच्या घोळावर उपाय डिझाइनमध्येच आहे, ट्रे जोडीने लावायचे. एक झुडुपाखाली आणि एक त्याच्यापासून थोड्या अंतरावर उघड्यावर, दोन्हीत दाणे तेवढेच, वाळू तेवढीच. दोन्हीकडे येणारा उंदीर एकच, त्याची भूक एकच, म्हणून जोडीतला फरक हा बराचसा धोक्याचा असतो. आणि दोन्ही ट्रे मिळून एकूण किती उरलं त्यावरून आसपासच्या खाण्याचा अंदाज येतो. हे दोन आकडे थिसिसमध्ये वेगवेगळे मांड, एकत्र कालवू नकोस.

दाण्यांचं वजन हा सगळ्यात किचकट भाग. रात्री दव पडतं, दाणे ओलावा शोषतात आणि सकाळी वजन वाढलेलं येतं, त्यामुळे ठेवण्याआधी आणि चाळून काढल्यावर दोन्ही वेळा ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. टरफलं हाताने वेगळी करायची, फुंकून उडवायला जाशील तर दाण्याचे बारीक तुकडेही उडतात. वाळू आधीच चाळून घे म्हणजे खडे मधे येत नाहीत, चाळणीचं भोक दाण्याहून नक्की लहान आहे ना बघ. वाळू पुरेशी खोल हवी नाहीतर शोधायला कष्टच पडत नाहीत आणि तू म्हणतेस ते कमी कमी होत जाणं घडतच नाही, सगळे ट्रे रिकामे मिळतात.

सुरुवातीचे काही दिवस नुसते ट्रे ठेव, डेटा घेऊ नको, त्यांना सवय होऊ दे. ज्या ट्रेला कुणी शिवलंच नाही तो "सगळे दाणे उरले" म्हणून सरासरीत धरायचा नाही, कदाचित उंदराला सापडलाच नसेल, पाऊलखुणा बघून वेगळी नोंद कर. प्रत्येक जोडीवर एक कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) हवाच, नाहीतर कुठल्या जातीने खाल्लं हे कळणार नाही, आणि शेवटी कोण उठून गेलं ते महत्त्वाचं असतं. मुंग्या दाणे पळवतात, त्यावर लक्ष ठेव, आणि दिवसा पक्षी यायच्या आत ट्रे उचल.

आणि चंद्र! इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात कोटलर आणि ब्राऊन यांनी जर्बिलांवर, म्हणजे वाळवंटी उंदरांवर, काम केलंय, चांदण्या रात्री घुबडांना दिसतं म्हणून जर्बिल ट्रे लवकर सोडतात, दाणे जास्त उरतात. तू दिव्यांवर काम करणार म्हणतेस तर हे तुझ्यासाठी फारच महत्त्वाचं, एक बाजू अमावस्येला आणि दुसरी पौर्णिमेला केलीस तर दिव्याचा परिणाम की चंद्राचा हे कुणीच सांगू शकणार नाही.

खारुताई

बापरे, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. चाळणीताई, म्हणजे मी असं करू का, दिव्याजवळ काही जोड्या आणि दिव्यापासून लांब अंधारात काही, आणि दोन्हीकडे एकाच रात्री? आणि परीक्षकांना उजेडाचं महत्त्व पटवायला काही आधार आहे का, कुणी आधी असं केलंय का?

चाळणी

हो, एकाच रात्री दोन्हीकडे, आणि दोन्हीकडची झाडी शक्य तितकी सारखी निवड.

आधार आहे आणि तुला हवा तसाच आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या बीच माऊसवर २००४ मध्ये हेच केलं होतं, ट्रे आणि दिवे. तिथे समुद्री कासवांना त्रास होऊ नये म्हणून खास पिवळे दिवे वापरतात, कासवांसाठी चांगले मानलेले. त्या दिव्यांजवळसुद्धा उंदरांनी अंधारातल्यापेक्षा कमी ट्रेंना हात लावला. म्हणजे एका प्राण्यासाठी केलेला उपाय दुसऱ्याचं खाणं तोडत होता, आणि उंदीर मोजून हे दिसलं नसतं कारण उंदीर तिथे होते, फक्त उजेडात येऊन खात नव्हते.

मोजमाप

हे उदाहरण प्रपोजलमध्ये अगदी वर घाला. आणि जमलं तर ट्रे ठेवायच्या आधी काही रात्री लाइव्ह ट्रॅप (उंदीर जिवंत पकडणारे पिंजरे) लावून दोन्हीकडे किती उंदीर आहेत आणि त्यांचं वजन किती तेवढं घ्या, परवानगीचा अर्ज आत्ताच टाका कारण त्याला वेळ लागतो. दिव्याजवळचे उंदीर खरंच हलके निघाले तर वागणुकीपासून तब्येतीपर्यंतचा दुवा तुमच्या हातात येईल, मग परीक्षक काय विचारतील ते विचारू द्या. आणि नाही निघाले तरी ते तसंच लिहा.