शेंगदाण्यावर हिरवी बुरशी, चटणीला चालेल का?

मोहोळचा शेतकरी: यंदा दाणा भरताना पावसानं महिनाभर ओढ दिली, रान भेगाळलं. काढणीला मात्र परतीचा पाऊस. शेंगा चार दिवस ढिगातच भिजल्या. आता फोडल्या तर दहातल्या दोनांत हिरवट-पिवळी भुकटी. आई म्हणते, धुऊन, खमंग भाजून चटणी कुटू.

बार्शीकर: काकूंना नको म्हणा. ही अस्परजिलस बुरशी. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पुरतं जात नाही. ढीग नडलाच, पण सुरुवात आधीची. काढणीआधीच्या चार-सहा आठवड्यांत झाड तहानलं, माती तापली की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते.

मोहोळचा शेतकरी: मग म्हशीला घालू?

बार्शीकर: अजिबात नको, दुधात उतरतं! १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले ते भुईमुगाच्या पेंडीनंच. त्यातूनच हे विष उघडकीला आलं.

अक्कलकोटची सून: आमचे मामंजी शेंग कानाशी हलवतात. खुळखुळली तरच पोत्यात, तेही गोणपाटाच्या. ओलावा ८-९ टक्क्यांच्या आत हवा. किडक्या, फुटक्या आधीच वेगळ्या काढा.

मोहोळचा शेतकरी: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग बियाण्याच्या डब्यातल्या फोडते, पण चटणी होणार!"