परकीय भांडवल पुण्यापर्यंत येतं, खान्देशात का नाही?

तापीकाठ (धागाकर्ता):
२०१९ नंतर देशात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीतला सुमारे ३० टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा, आणि तो बहुतेक मुंबई-पुण्याकडेच जिरतो. आमची पोरं डिप्लोमा झाला की चाकणला खोली बघतात. १९८२ मध्ये सरकारने सुझुकीशी करार केला आणि मारुतीभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. असा एक तरी मोठा प्रकल्प जळगाव-धुळ्याला आणा. वाढ आपोआप होईल.

केळीबाग_रावेर:
आपोआप नाही होत, दादा. सुझुकीचा हिस्सा तेव्हा फक्त २६ टक्के होता, आणि भाग देशातच बनवायचे हा सरकारचा आग्रह होता. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली आणि स्थानिक मालाच्या सक्तीला तिच्या करारात मनाई झाली. आज कंपनी बाहेरून भाग आणून इथे नुसती जोडणी करू शकते. व्हेनेझुएलातल्या कारखान्यांवर एटकेन आणि हॅरिसन यांचा १९९९ चा अभ्यास आहे: परकीय भागीदार मिळालेल्या छोट्या कारखान्यांची उत्पादकता वाढली, पण त्याच धंद्यातल्या निव्वळ देशी कारखान्यांची घटली. आपल्याकडे ठिबक कसं वाढलं ते बघा. तंत्र बाहेरचं, मालक जळगावचा. पुढे त्या जैन इरिगेशनने इस्रायलची नानदान कंपनीच विकत घेतली!

अमळनेरकर:
तुमनं खरं शे भाऊ, पण अर्धंच. बोरेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ६९ विकसनशील देशांची आकडेवारी तपासली. परकीय गुंतवणूक देशी गुंतवणुकीपेक्षा जास्त वाढ देते, मात्र शिक्षण एका किमान पातळीच्या वर असेल तरच. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांकडे बघून सांगा, आपण कुठे आहोत? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तापीकाठ:
म्हणजे शाळा सुधारेपर्यंत थांबायचं? तोवर एक पिढी गावाबाहेर जाईल. स्थानिक मालाची सक्ती करता येत नाही, मान्य. पण जमीन आणि वीज सवलतीत देताना इथल्या आयटीआयच्या मुलांना प्रशिक्षण द्या, ही अट घालता येते. तीच मागू या.

केळीबाग_रावेर:
अट कागदावर राहिली तर? आणि पाण्याचं काय? रावेर-यावलला बोअर दरवर्षी खोल चाललेत. कारखान्याला पाणी कुठलं देणार, ते आधी लिहून द्या. त्याशिवाय माझा विरोध कायम.